टर्मिनलकाका

पुनावळ्यातल्या कुठल्याही बाल्कनीत उभं राहून मोठ्याने शिंकलं तर आसपासच्या चार बाल्कन्यांतून ‘ब्लेस यू’ येतं. हिंजवडी जवळ, ताथवडे त्याहून जवळ, आणि काल-परवापर्यंत शेतं होती तिथे उभ्या राहिलेल्या टॉवरांत संगणकावर पोट भरणारी माणसं ठासून भरलेली. पण यातला एकही जण घरी संगणक उघडत नाही. लॅपटॉपचं झाकण उघडतात, ते वेगळं. तो कंपनीचा असतो आणि त्याचा एक स्क्रू सैल झाला तरी लोक तिकीट टाकून मोकळे होतात. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची फळी काढून, आत तोंड घालून फुंकर मारणारा गृहस्थ आमच्या तीन विंगांत मिळून एकच आहे. त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. एरवी ते टर्मिनलकाका.

असा माणूस दर मोठ्या सोसायटीत एक तरी निघतोच. निगडी-प्राधिकरणाकडे दोन निघतात, कारण तिकडे टेल्कोतून निवृत्त झालेल्यांचं प्रमाण जास्त. आमचे काकाही मूळचे तिकडचेच. उभी नोकरी टूलरूममध्ये झाली. टेल्कोचं नाव बदलून २००३ साली टाटा मोटर्स झालं, हे त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. मुलाने पुनावळ्यात फ्लॅट घेतला, हप्ते चालू केले आणि तो म्युनिकला गेला. मग फ्लॅटला सोबत म्हणून काका-काकू इकडे आले. सामान हलवताना फ्रीज टेम्पोत गेला, काकू रिक्षात गेल्या आणि काका टेम्पोच्या पुढच्या सीटवर संगणकाचं कॅबिनेट मांडीवर घेऊन बसले. पुनावळ्याच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी टेम्पो तासभर अडकला, तेवढ्या वेळात त्यांनी ड्रायव्हरला उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या दोन अवतारांमधला फरक समजावून सांगितला, असं तो ड्रायव्हरच सांगतो.

काकांना ओळखायचं ते शर्टाच्या खिशावरून. पूर्वी तिथे वर्निअर असायचा. आता पेनड्राइव्ह असतात, एका जाड दोऱ्यात ओवलेले, आणि प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनाने नाव घातलेलं. ‘मिंट’. ‘डेबियन’. ‘डेबियन (खरा)’. ‘नापास’. आणि एकावर काकूंच्या अक्षरात, ठळक: ‘भजनं – पुसू नये’. हे शेवटचं नाव ज्या घटनेनंतर पडलं तिच्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नाही.

सगळं रामायण एका ग्राफिक्स कार्डापायी. जीफोर्स ८४०० जीएस. २००७ साली बाजारात आलेलं, २५६ एमबी मेमरीचं, त्या पिढीतलं अगदी तळातलं कार्ड. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. ‘प्रोजेक्टला लागतं’ म्हणाला. काकांनी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन, दुकानामागून दुकान पालथं घालून, भाव पाडून ते आणलं. प्रोजेक्टमध्ये मोटारींच्या शर्यती असत आणि रात्री उशिरापर्यंत बंदुकांचे आवाज येत. पुढे मुलाला डिग्री मिळाली, नोकरी लागली, तो गेला. कार्ड राहिलं. मुलगा दर फोनला म्हणतो, ‘बाबा, तो डबा भंगारात द्या, मी नवा लॅपटॉप पाठवतो.’ काका म्हणतात, ‘अरे, चालू आहे तो.’ काकांच्या भाषेत पंखा फिरतो आहे तोवर मशीन चालू असतं.

लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीशी काकांचा संबंध या कार्डाहून जुना. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची, तेव्हापासूनचा. नंतर उबुंटूवाले मागेल त्याच्या घरी फुकट सीडी पाठवू लागले. २०११ मध्ये त्यांनी ती सोय बंद केली तोवर काकांकडे इतक्या सीड्या जमल्या होत्या की काकूंनी त्या कबुतरं यायला नकोत म्हणून बाल्कनीत दोऱ्याला टांगल्या. त्या आजही पुनावळ्यात चमकतात. कबुतरं येतातच.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो शिडी मागायला. काकांनी दार उघडलं, ‘अरे ये, बस, दोन मिनिटं’ म्हणाले आणि आत गेले. खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर ते कार्ड. काका खोडरबर घेऊन त्याचे सोनेरी दाते घासत होते, शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला चुकलेली रेघ खोडावी तेवढ्या हलक्या हाताने. मग उष्णता शोषणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली. चिपवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट कापसाने पुसली आणि नवी पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी घातली. ‘याहून जास्त घालायची नाही. लोक थापतात,’ ते म्हणाले. लोकांबद्दलची एवढी तुच्छता मी मराठीच्या प्राध्यापकांच्या तोंडीही ऐकलेली नाही. कार्ड स्लॉटमध्ये बसलं, खट्‌ आवाज आला, काकांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, पळाली, आणि पडदा काळा झाला.

‘बरोबर,’ काका म्हणाले.

त्यांनी मशीन परत चालू केलं. सुरुवातीच्या यादीवर ‘ई’ दाबलं, एका लांबलचक ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ असं टाइप केलं आणि एफ-१० दाबलं. चित्र आलं. सगळं फुगलेलं, आडवं ताणलेलं, पण आलं. ‘हा नुसता श्वास चालू आहे,’ काका म्हणाले, ‘आता उठवून बसवायचंय.’ आणि मग मला व्याख्यान मिळालं. त्याचा सारांशच देतो, कारण मुळात त्याला चहा दोनदा झाला.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा निघतो. कार्डाला चालवायला ड्रायव्हर लागतो. ज्या ड्रायव्हरचा सोर्स कर्नलच्या पोटातच असतो, त्याची डागडुजी कर्नल लिहिणारेच करतात. आतली एखादी जोडणी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं त्यांनाच नीट करावं लागतं. ज्याचा सोर्स कंपनीच्या कपाटात, त्याची डागडुजी कंपनीने करायची. एनव्हिडियाने, म्हणजे जीफोर्सच्या कंपनीने, या पिढीच्या कार्डांसाठी ३४० क्रमांकाची मालिका वेगळी ठेवली होती. तिचा शेवटचा ड्रायव्हर, ३४०.१०८, डिसेंबर २०१९ मध्ये आला. कर्नल पुढे गेला, ड्रायव्हर तिथेच थांबला. आता नव्या कर्नलवर तो बसवायला गेलं की मोड्यूल तयारच होत नाही. त्याचा वरचा एक थर तेवढा उघडा आहे. जगभरातले हौशी लोक त्यालाच ठिगळं लावतात, आणि दर नव्या कर्नलला नवं ठिगळ.

दुसरा रस्ता नूव्होचा. हा स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. कंपनीने कागद दिलेले नव्हते. तेव्हा या लोकांनी कंपनीचा ड्रायव्हर कार्डाच्या कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहितो हे बघून बघून नोंदी केल्या आणि त्यावरून स्वतःचा ड्रायव्हर रचला. २०१० मध्ये, कर्नल २.६.३३ बरोबर, तो अधिकृतपणे आत आला. इथे काकांचा आवाज जरा दाटला. ‘आमच्याकडे कधीकधी परदेशी मशीनचा एखादा पार्ट तुटायचा. ड्रॉइंग नाही, काही नाही. मग तुटलेला पार्टच हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, आणि उलटं ड्रॉइंग काढायचं. या पोरांनी ते केलंय. तेही आत काय आहे ते डोळ्यांनी दिसत नसताना.’

‘मग नूव्होच वापरा ना,’ मी म्हटलं.

‘वापरतोच. पण मध्येच पडदा गोठतो. आणि पूर्ण वेगाने पळत नाही.’

‘पळून जायचंय कुठे?’ स्वयंपाकघरातून काकू.

शिडी मला त्या दिवशी मिळाली नाही. शिडीवर राउटर होता.

काका बोलतात तेव्हा समोरच्याला सगळं माहीत आहे असं धरून बोलतात, हा त्यांचा मोठेपणा. एकदा गेटजवळ उभे राहून फोनवर कुणाला तरी सांगत होते, ‘नवा कर्नल आला, पण त्याचं काही जमेना. जुन्यालाच परत आणलं.’ आमचा वॉचमन निवृत्त फौजी आहे. त्याच आठवड्यात सी विंगमध्ये पांढऱ्या झुबकेदार मिशांचे एक गृहस्थ राहायला आले. महिनाभर वॉचमनने त्यांना येता-जाता कडक सॅल्यूट ठोकला. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेले होते. त्यांना वाटलं पुनावळ्यात पद्धतच आहे.

संध्याकाळी कट्ट्यावर ज्येष्ठ मंडळी गुडघ्यांवर आणि सुनांवर बोलतात, काका मुक्त प्रणालीचं पुराण सांगतात. एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनला प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कसा नाकारला गेला, आणि त्या चिडीतून पुढे १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा कशी झाली. काकांना यात नवल वाटत नाही. प्रिंटरने माणूस कुठल्या थराला जातो हे त्यांनी पाहिलेलं आहे. दुसरी आवडती कथा २०१२ सालची. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात व्याख्यानाला गेला असताना एनव्हिडियाचा विषय निघाला, आणि त्याने भर सभेत, कॅमेऱ्याकडे बघून, बोट दाखवलं. कुठलं बोट ते काका सांगत नाहीत. प्रात्यक्षिक दाखवताना तर्जनी वापरतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांचा समज असा की लिनसने कंपनीला ‘एक मिनिट थांबा’ म्हटलं. पुढे मे २०२२ मध्ये त्याच कंपनीने आपल्या कर्नल मोड्यूलचा सोर्स खुला केला, हेही काका प्रामाणिकपणे सांगतात, आणि लगेच जोडतात, ‘पण २०१८पासूनच्या कार्डांसाठी. आमचं त्याआधीच्या जन्मातलं.’ एनव्हिडियाचं एक ऑफिस पुण्यात येरवड्याला आहे. त्या बाजूने रिक्षा गेली की काका वाकून बघतात. मनात राग नसतो. लांबचे नातेवाईक जिथे राहतात त्या इमारतीकडे माणूस बघतोच.

आता, काका कंजूष आहेत असा सोसायटीत सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि ते मला रेडिऑनच्या वेळी कळलं.

झालं असं, की ए विंगमधला एक मुलगा फ्लॅट सोडून बंगळूरला निघाला. जाताना काकांना एक जुनं कार्ड देऊन गेला. रेडिऑन एचडी ५४५०, २०१० सालचं. तेही गरीबच, पण दुसऱ्या घराण्यातलं. रेडिऑनवाल्या एएमडीने २००७ पासून आपल्या चिपची माहिती लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे या जुन्या रेडिऑनांचा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, नांदता आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. मी मुद्दाम बघायला गेलो. काकांनी सगळी तयारी केली होती: खोडरबर, पेस्ट, तीन पेनड्राइव्ह, कागदावर लिहिलेल्या आज्ञा, थर्मासात चहा. कार्ड बसवलं. बटण दाबलं.

चित्र आलं. स्वच्छ, पडद्याच्या पूर्ण मापाचं, अक्षरं कोरल्यासारखी. खिडक्या अलगद सरकत होत्या. व्हिडिओ लावला, तो चालला. मशीन झोपवून उठवलं, ते उठलं.

काका बराच वेळ माउस फिरवत राहिले. कुठे काही अडतं का बघत होते. मग थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला आणि म्हणाले, ‘लावलं की चालतं. त्यात काय राम?’

दुसऱ्या दिवशी रेडिऑन काढून पुठ्ठ्याच्या डब्यात गेलं आणि ८४०० जीएस परत स्लॉटमध्ये आलं. फुकट मिळालेलं, उत्तम चालणारं कार्ड काढून ठेवणाऱ्या माणसाला कंजूष म्हणता येत नाही. त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काकू म्हणतात ते इथे छापण्यासारखं नाही.

२०२३ साली पुनावळ्यातल्या नियोजित कचरा डेपोविरुद्ध सगळ्या सोसायट्या एक झाल्या. मोर्चे निघाले, दुचाकी रॅली निघाली, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना डेपो रद्द झाल्याचं जाहीर झालं. काका रॅलीत होते. फलकही त्यांच्या हातात होता. पण आम्हा शेजाऱ्यांच्या मनात एक शंका येऊन गेली, ती अशी की पुनावळ्यातला कचरा डेपो काकांच्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत आधीच सुरू झालेला आहे. त्या खोलीत चार मदरबोर्ड आहेत, एक जाड काचेचा मॉनिटर आहे, केबलींनी भरलेलं धान्याचं पिंप आहे, आणि एका बरणीत फक्त स्क्रू आहेत, मापाप्रमाणे नव्हे, आठवणीप्रमाणे लावलेले.

याची खात्री ई-कचरा संकलनाच्या रविवारी पटली. सोसायटीने गेटजवळ टेबल मांडलं होतं. लोक घरातले मेलेले मोबाइल, मिक्सर, चार्जर आणून टाकत होते. बारा वाजता काका खाली आले. हात रिकामे. टेबलासमोर उभे राहून त्यांनी ढिगाकडे अशा नजरेने पाहिलं की कचरा न्यायला आलेल्या संस्थेच्या कार्यकर्तीला वाटलं, यांचं चुकून काही टाकलं गेलं असावं. ‘काका, काही द्यायचंय?’ तिने विचारलं. ‘नाही,’ काका म्हणाले, ‘तो पॉवर सप्लाय जरा बघू का?’ पॉवर सप्लाय झाला, मग एक कीबोर्ड, मग डीव्हीआयची केबल (‘हिला तोड नाही, आता मिळत नाहीत अशा’), आणि शेवटी एक संपूर्ण कॅबिनेट, जे बी विंगच्याच एका कुटुंबाने दहा मिनिटांपूर्वी लिफ्टने खाली आणलं होतं. ते त्याच लिफ्टने वर गेलं. संध्याकाळी कार्यकर्तीने हिशेब केला तेव्हा आमच्या सोसायटीच्या नावापुढे जमा वजन लिहायचं की निव्वळ वजन, असा प्रश्न पडला.

काकांचे दिवस पालटले ते विंडोज १० मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिचे नेहमीचे फुकट सुरक्षा-अपडेट बंद होणार, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप हवी, प्रोसेसर ठराविक पिढीच्या पुढचा हवा, असं कळल्यावर सोसायटीतल्या दहा-दहा वर्षांच्या मशीनांचे मालक हवालदिल झाले. मग सहाव्या मजल्यावर रांग लागली. काकांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. फक्त प्रत्येकाला आधी विचारलं, ‘कार्ड कुठलं आहे?’ इंटेलचं आतलंच ग्राफिक्स आहे म्हटलं की काकांचा चेहरा पडे. ते अर्ध्या तासात मिंट टाकून, मशीन परत देऊन मोकळे होत. जुनं एनव्हिडिया आहे म्हटलं की, ‘ठेवून जा. घाई नाही ना?’

घाई असलेला एकच माणूस निघाला, आणि तो सोसायटीचा खजिनदार. त्याचं मशीन काकांनी उत्साहाने लिनक्सवर नेलं, ते पळायला लागलं, आणि मार्चअखेरीस ऑडिटरने टॅलीची फाइल मागितली. टॅली विंडोजवर चालतं. ‘डेटा सुरक्षित आहे,’ काका म्हणाले. ‘दिसत का नाही?’ खजिनदाराने विचारलं. ‘दिसणं आणि असणं यात फरक आहे,’ काकांनी सांगितलं. ते खरंच होतं. पण वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाबद्दल हे वाक्य उच्चारण्याची हिंमत खजिनदाराकडे नव्हती. त्या मशीनवर विंडोज परत आली. काका त्याच्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही.

हे सगळं करून काका त्या संगणकावर काय करतात, असं मला नेहमी विचारलं जातं. विजेचं बिल काकू मोबाइलवरून भरतात. मुलाशी व्हिडिओ कॉल टॅबवर होतो. पेन्शनचा हयातीचा दाखला खाली सायबर कॅफेत. मी एकदा काकांनाच विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘अपडेट.’

मला हे हास्यास्पद वाटत नाही, निदान वाटतं तितकं नाही. आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा एआयमध्ये काम करतो. त्याची मॉडेलं कुठल्या तरी डेटासेंटरमधल्या एच-१०० कार्डांवर चालतात. एका कार्डात ८० जीबी मेमरी. काकांनी डोक्यातच भागाकार केला. ‘माझ्या तीनशे वीस पट,’ ते म्हणाले. आवाजात हेवा नव्हता, थोडं कौतुकच होतं, चुलत भावाचा मुलगा कलेक्टर झाल्यासारखं. मग त्यांनी त्या मुलाला विचारलं, ‘तू कधी हातात घेतलंस का ते कार्ड?’ तो म्हणाला, नाही. ‘कुठे आहे ते तरी माहीत आहे?’ नाही. ‘खालती कुठली प्रणाली चालते?’ मुलगा म्हणाला, लिनक्स. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर २०१७ पासून लिनक्सच आहे, ही भर काकांनी घातली. पण दिवसभर लिनक्सवर पोट भरणाऱ्या त्या पोराने घरी ती कधी टाकलेली नव्हती, आणि टूलरूममध्ये कानस घासलेल्या माणसाला तिच्या ड्रायव्हरची जन्मतारीख पाठ होती. कुणी तरी दूर बसून ‘तुझी वस्तू आता जुनी झाली’ असं ठरवावं आणि आपण मान डोलावून ती खाली नेऊन टाकावी, हे ज्याला पटत नाही त्याला आपण चक्रम म्हणतो. म्हणतो, कारण आपण सगळे खाली नेऊन टाकणारे आहोत.

गेल्या पावसाळ्यात ८४०० जीएसवर कंपनीचा ड्रायव्हर बसवणं अखेर जमलं. कुणा परदेशी हौशी माणसाने लावलेलं ठिगळ काकांनी उतरवून घेतलं, त्यातली एक ओळ स्वतः बदलली (ही ओळ कागदावर लिहून देवघराशेजारच्या कपाटाला चिकटवलेली आहे), नूव्होला काळ्या यादीत टाकलं, आणि रात्री दहाच्या सुमारास माझ्या दाराची बेल वाजली. ‘चल,’ एवढंच म्हणाले.

पडद्यावर तीन दातेरी चाकं फिरत होती. लाल, हिरवं, निळं. जीएलएक्सगिअर्स नावाचा हा छोटा प्रोग्रॅम लिनक्सवाले पिढ्यान्‌पिढ्या चालवत आले आहेत. कार्ड नीट लागलं की नाही हे बघायला. दुसरा काही उपयोग नाही. बाकीच्या जगाला त्यात तीन रंगीत चकत्या दिसतात. काका खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावर घेतला आणि पडद्याच्या वीतभर जवळ गेले. ‘मेशिंग बघ,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘बॅकलॅश आहे का कुठे? नाही.’ खालच्या ओळीत सेकंदाला साठ फ्रेमचे आकडे पडत होते. काकूही येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘झालं?’

‘झालं.’

‘आता ही खोली आवरता येईल?’

काकांनी उत्तर दिलं नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ढालीचं एक छोटं चिन्ह उमटलं होतं. अपडेट आलं होतं. त्यात नवा कर्नलही होता. हे घेतलं की ठिगळ उसवणार, मोड्यूल बनणार नाही, नूव्हो काळ्या यादीत, म्हणजे पडदा कुणाच्याच ताब्यात नाही; हे त्या खोलीत काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘काका, राहू द्या ना. चाललंय ते.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘सुरक्षेचं अपडेट आहे रे. टाळून कसं चालेल?’ आणि त्यांनी टिचकी मारली, मशीन बंद-चालू केलं, अक्षरं आली, पळाली, पडदा काळा झाला. मी त्यांना इतकं खूश मुलगा सुट्टीवर आला तेव्हाही पाहिलेलं नाही. ‘बरोबर,’ ते म्हणाले आणि दोऱ्यातला ‘नापास’ लिहिलेला पेनड्राइव्ह शोधू लागले.

सध्या काकांना एजीपी स्लॉटचा एखादा मदरबोर्ड आणि जीफोर्स ६००० किंवा ७००० मालिकेतलं कार्ड हवं आहे. त्या कार्डांचा ३०४ मालिकेचा ड्रायव्हर तर याहूनही आधी बंद झाला, म्हणून. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ते बुधवारी आणि रविवारी चक्कर मारतात, पण अजून मनासारखं मिळालेलं नाही. कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. आमच्या बी विंगच्या वॉचमनकडे ठेवा. कर्नलसाहेबांच्या नावाने ठेवलंत तरी पोचेल. आणि कार्ड उत्तम चालत असेल, तर ते काकांना आधी सांगू नका.